साडेतीनशे पेपर, वाचलेले वीस: पीएचडीच्या पहिल्या वर्षात काय सांभाळायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "पीएचडीला प्रवेश घेऊन सहा महिने झाले. फोल्डरमध्ये साडेतीनशे पेपर आहेत, वाचलेले वीसही नसतील. रेफरन्ससाठी एक ॲप, नोट्ससाठी दुसरं, कामांच्या यादीसाठी तिसरं. बरोबरची मंडळी 'पेपर ॲक्सेप्ट झाला' म्हणून रोज पोस्ट टाकतात. एआय वापरलेलं चालेल का, हे गाईडना विचारायची हिंमत होत नाही. सुरुवात कुठून करू?"

साडेतीनशे पेपर साठले याचं फार मनावर घेऊ नका, ते सगळ्यांचेच साठतात. मला काळजी वेगळीच वाटते. त्यातला कुठलाही एक उघडून मी विचारलं, "हा का घेतला होता?", तर तुम्हाला सांगता येईल का? बहुधा नाही. आजच्या संशोधक विद्यार्थ्याला वस्तू मिळवायला फारसा त्रास पडत नाही. ती कुठून आली, का घेतली, तिचं पुढे काय केलं, हा माग मात्र कुठलंही ॲप आपणहून ठेवत नाही. तीन-चार वर्षांनी थिसिस लिहायला बसल्यावर नेमका तोच लागतो, आणि व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, विचारतात तेही तेच.

१९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने आर्काइव्ह (arXiv) हा पेपरांचा खुला ऑनलाइन संग्रह सुरू केला आणि भौतिकशास्त्रातले पेपर छापून येण्याआधीच जगाला मिळू लागले. २००४ मध्ये पेपर शोधून देणारं गूगल स्कॉलर आलं. त्याआधी एखाद्या जर्नलचा जुना अंक मागवायचा तर चिठ्ठी भरा, थांबा, झेरॉक्स काढा. एवढा खटाटोप केलेला पेपर माणूस वाचायचाच. आता डाउनलोडचं बटण दाबलं की निम्मं वाचून झाल्याचं समाधान मिळतं, आणि खरी गोची तिथेच होते.

म्हणून नियम एकच करा: कारण लिहिल्याशिवाय पेपर फोल्डरमध्ये घ्यायचा नाही. एक ओळ पुरे. आणि जो खरोखर वाचाल त्यावर चार ओळी लिहा, स्वतःच्या शब्दांत, पेपर बंद करून. समजा तुमचा विषय रात्रपाळी आणि झोप हा आहे. नोंद अशी दिसेल:

"प्रश्न: सलग रात्रपाळीने झोप जास्त बिघडते की पाळी आलटून-पालटून असली तर? पुरावा: परिचारिकांनी स्वतः भरलेल्या झोपेच्या डायऱ्या, मोजणारं यंत्र नाही. शंका: ज्यांना झेपलं नाही त्या आधीच रात्रपाळी सोडून गेल्या असणार, त्या मोजणीत आल्याच नाहीत. मला उपयोग: दुसरा चॅप्टर, नमुना निवडीचा मुद्दा."

यातली 'शंका' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या दोन ओळी कुणीही लिहील, हल्ली यंत्रही लिहितं. शंकेची ओळ तुमची असते, आणि अशा चाळीस-पन्नास ओळी जमल्या की लिटरेचर रिव्ह्यूचा सांगाडा त्यातूनच दिसायला लागतो. पाच-सहा पेपरांवर तीच शंका पुन्हा पुन्हा आली, तर बहुतेक तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडला आहे असं समजा.

साडेतीनशेंचं काय करायचं? एक अलीकडचा चांगला रिव्ह्यू पेपर घ्या, त्यातले सारखे सारखे उल्लेख येणारे दहा-बारा जुने पेपर निवडा, आणि त्या प्रत्येकाला पुढे कुणी कुणी उद्धृत केलं ते बघा. मागे जाण्याचा आणि पुढे येण्याचा हा रस्ता यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कुठल्या पेपरला कुणी उद्धृत केलं याची सूची, काढली तेव्हापासूनचा आहे. आता तो एका क्लिकवर आला, एवढंच. उरलेला ढीग 'जुना साठा' नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि त्याच्याकडे बघू नका. डिलीट करायला सांगत नाही, कारण तुम्ही करणार नाही हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्याच्या यादीतून न वाचलेला संदर्भ उचलू नका. याचा एक मासला सांगतो. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असं तंत्र जगात अस्तित्वातच नाही. १९५०च्या दशकातले दोन कॉलमांत छापलेले लेख स्कॅन करताना शेजारशेजारच्या कॉलमांमधले शब्द एकमेकांना चिकटले आणि हा शब्दप्रयोग जन्माला आला. पुढे कित्येक वर्षांनी तो खऱ्याखुऱ्या पेपरांमध्ये छापून आलेला सापडला. लेखक, रिव्ह्यूअर, संपादक, कुणाच्याच डोळ्यांना तो टोचला नाही. मागे घेतलेल्या पेपरांचंही तसंच. लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला, पण म्हणून जुन्या पीडीएफ कुणाच्या संगणकावरून नाहीशा होत नाहीत. रेफरन्ससाठी झोटेरो वापरत असाल तर मागे घेतलेल्या पेपरावर ते आपणहून खूण दाखवतं. कुठलं ॲप घ्यावं, याला माझं उत्तर बहुतेक वेळा झोटेरोच असतं. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि सगळा साठा उचलून दुसरीकडे नेता येतो. नोट्स आणि कामांची यादी कशात ठेवता याने काही फरक पडत नाही. साधी टेक्स्ट फाइलही चालेल. ॲप बदलण्यात गेलेल्या वेळाला अभ्यास म्हणू नका म्हणजे झालं.

आता डेटा. इथे थोडा जास्त थांबतो, कारण विद्यार्थ्यांचं खरं नुकसान इथे होतं आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक पेपर लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का, असा त्यातला एक आकडा होता, आणि काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने जगभरच्या राजकारण्यांनी तो वापरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या पीएचडीच्या विद्यार्थ्याला वर्गातल्या असाइनमेंटसाठी एखाद्या पेपरचे निकाल पुन्हा काढून दाखवायचे होते. त्याने हा घेतला. आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी त्याने लेखकांनाच लिहिलं आणि त्यांनी आपली मूळ एक्सेल शीट पाठवली. सरासरीचा फॉर्म्युला खालच्या पाच ओळींपर्यंत पोचलाच नव्हता. पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते. हर्नडनने आपल्या दोन प्राध्यापकांबरोबर २०१३ मध्ये फेरहिशेब प्रसिद्ध केला, त्यात तोच आकडा अधिक २.२ टक्के आला.

ही गोष्ट 'एक्सेलच्या चुकीने जग फिरलं' अशी रंगवून सांगतात, ते पुरतं खरं नाही. फॉर्म्युल्याच्या चुकीचा वाटा त्यात लहान होता. मोठा फरक पडला तो काही देशांची काही वर्षं वगळल्याने आणि प्रत्येक देशाला सरासरीत किती वजन द्यायचं या निवडीने. लेखकांनी फॉर्म्युल्याची चूक मान्य केली, पद्धतीचं मात्र समर्थन केलं. तुम्ही यातून उचलायचं ते हे: फॉर्म्युला शीटमध्ये दिसतो, वगळण्याचं कारण शीटमध्ये दिसत नाही. कुठली ओळ काढली, का काढली, कधी काढली, हे वेगळं लिहून ठेवावं लागतं. तुमच्या थिसिसमध्ये असे शंभर छोटे निर्णय असतील, आणि दीड वर्षाने त्यातले पाचही तुम्हाला आठवणार नाहीत.

एक्सेल आणखीही उपद्व्याप करतं. सेप्टिन कुटुंबातल्या 'सेप्ट२' या जनुकाचं नाव टाइप केलं की ते गुपचूप २ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ च्या एका तपासणीत असं दिसलं की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असल्या चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपुढे विज्ञानाने हात टेकले म्हणा ना.

तेव्हा मूळ डेटा आला तसा एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ती फाइल फक्त वाचता येईल अशी करून टाका. सफाई, वगळणं, गणित, सगळं कॉपीवर, आणि जमेल तितकं स्क्रिप्टने करा. प्रोग्रॅमिंगची भाषा आर असो की पायथन, स्क्रिप्ट म्हणजे आपोआप लिहिली गेलेली नोंदच असते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाका म्हणजे ओळीने लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेलं' ही नावं वापरायची नाहीत. प्रत्येक फोल्डरमध्ये 'वाचा' नावाची एक फाइल ठेवा आणि त्या दिवशी घेतलेला निर्णय एका वाक्यात लिहा: "प्रतिसादक ४१ वगळला, सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, गाईडशी बोलून." एवढंच.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम तुम्ही ऐकला असेल. लोक ऐकत नाहीत ते याच्या पुढचं: बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून बघायची. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइल्स, १४ संशोधन गटांच्या. आणि तो पुसला बॅकअपच्याच प्रोग्रॅममधल्या चुकीने. आणखी एक सांगतो, क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही इथे फाइल उडवली की ती तिथेही उडते.

एआयबद्दल विचारायची भीती वाटते म्हणता. समजू शकतो, पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका. लपून वापरणं नंतर उघडं पडलं तर तुम्ही जे प्रामाणिकपणे केलंय त्यावरही संशय येतो. सरळ ई-मेल करा:

"सर, लेखनाची भाषा सुधारण्यासाठी आणि कोडमधले एरर समजून घेण्यासाठी मी एआय वापरते. पेपरांचे सारांश किंवा चॅप्टरचा मसुदा त्याच्याकडून घेत नाही. आपल्याला आणि विद्यापीठाच्या नियमांना हे चालेल का? थिसिसमध्ये याचा उल्लेख कुठे करावा?"

असं पत्र आल्यावर रागावणारा गाईड मी पाहिलेला नाही. फार तर 'बघून सांगतो' म्हणतील, कारण त्यांनाही नियम नीट माहीत नसतात.

जर्नलांची भूमिका एका बाबतीत स्पष्ट आहे. नेचरने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं की एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, आणि वापर केला असेल तर तसं पेपरात लिहायचं. बाकी जर्नलं थोड्याफार फरकाने तिथेच आहेत. लेखकपणाबरोबर जबाबदारी येते आणि यंत्राला कुणी जाब विचारू शकत नाही, हे त्यामागचं साधं कारण. न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी २०२३ मध्ये चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले, तेव्हा ५,००० डॉलरचा दंड वकिलांनाच झाला. संशोधनातही हाच धोका आहे: लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, साल पटण्यासारखं, आणि पेपर अस्तित्वातच नाही. त्यामुळे यंत्राने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून उघडायचा आणि मगच पुढे जायचं.

मी स्वतः कुठे हो म्हणतो आणि कुठे नाही? भाषा घासूनपुसून घ्यायला हो. दुसऱ्याचा कोड समजून घ्यायला हो. "माझ्या या युक्तिवादावर कडक रिव्ह्यूअर काय विचारेल?" असं विचारायला तर जरूर हो, त्यातले निम्मे प्रश्न फुसके निघतात पण एखादा कामाचा असतो. परिघावरच्या पेपरांचा सारांश, चालेल. ज्या दहा-बारा पेपरांवर तुमचा थिसिस उभा आहे त्यांचा सारांश, मुळीच नाही. ते पेपर वाचताना डोक्याला जो ताण पडतो त्या ताणातूनच वरची 'शंका' नावाची ओळ निघते. आणि मुलाखती, रुग्णांची माहिती, कुणाचा अप्रकाशित मसुदा यातलं काहीही बाहेरच्या एआयमध्ये टाकायचं नाही. ज्यांनी तुम्हाला मुलाखत दिली त्यांनी संमतिपत्रावर तशी परवानगी दिलेली नसते. परीक्षणासाठी आलेल्या मजकुराबाबतही हेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तर अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्यांना एआय वापरायला २०२३ मध्ये मनाईच केली.

गाईडशी संबंध हा खरं तर सगळ्यात नाजूक विषय, पण त्यातला डिजिटल भाग सोपा आहे. व्हॉट्सॲपवर फक्त "सर, पाच मिनिटं उशीर होतोय" एवढंच बोला. कामाचं बोलणं ई-मेलवर. आणि प्रत्येक मीटिंगनंतर त्याच दिवशी चार ओळी पाठवा:

"मॅडम, आज ठरलं ते असं: प्रश्नावलीचे दोन भाग करायचे. पायलटचे निकाल पुढच्या मीटिंगच्या दोन दिवस आधी पाठवायचे. तिसऱ्या चॅप्टरला आत्ता हात लावायचा नाही. माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर सांगा."

त्या उत्तर देणार नाहीत. हरकत नाही. आठ महिन्यांनी "तिसरा चॅप्टर अजून का नाही?" असा प्रश्न आला की हा ई-मेल शोधून, वाद न घालता, पुन्हा फॉरवर्ड करता येतो. गाईड मुद्दाम विसरतात असं नाही. त्यांच्याकडे तुमच्यासारखे आणखी पाच-सात जण असतात आणि डोक्यात सगळ्यांचे चॅप्टर एकमेकांत मिसळतात.

पेपर कुठे पाठवायचा, याबद्दल थोडक्यात. "आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो" अशा ई-मेलना उत्तर देऊ नका. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. चाचणी सोपी आहे: तुम्ही ज्या दहा-बारा पेपरांवर उभे आहात त्यातला एक तरी या जर्नलमध्ये छापलेला आहे का? संपादक मंडळातल्या एखाद्याचं काम तुम्ही वाचलंय का? दोन्हींना 'नाही' आलं तर सोडून द्या, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा) कितीही लिहिलेला असो. एच-इंडेक्स, म्हणजे तुमचे पेपर किती उद्धृत झाले यावरून काढलेला आकडा, वगैरेंकडे पहिली दोन वर्षं ढुंकूनही बघू नका. तुमचा तो शून्य किंवा एक असणार, आणि त्यात रोज बघण्यासारखं काही नाही.

बरोबरच्यांच्या पोस्टचं म्हणाल, तर रिजेक्शन कुणी पोस्ट करत नाही हे तुम्हालाही कळतं, तरी पोटात ढवळतं. तेव्हा प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक असलेल्या योहानेस हाउशोफर यांनी २०१६ मध्ये आपल्या अपयशांचा सीव्ही जाहीर केला होता: न मिळालेले प्रवेश, नाकारलेले पेपर, हुकलेली अनुदानं. त्यातली शेवटची नोंद अशी की या यादीकडे लोकांनी जेवढं लक्ष दिलं तेवढं माझ्या सगळ्या संशोधनाकडे मिळून दिलं नाही. सोशल मीडिया सोडाच असं मी म्हणत नाही. आपल्या विषयातली माणसं तिथे भेटतात, नव्या कामाची बातमी लागते. फक्त सकाळी लिहायच्या वेळी नको. पण ढवळणं महिनोन् महिने चाललं, झोप उडाली, गाईडचा ई-मेल उघडायचीच धास्ती वाटायला लागली, तर तो आळस समजून स्वतःला बोल लावत बसू नका, समुपदेशकाकडे जा. नेचरने २०१९ मध्ये सहा हजारांवर पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी केली, त्यात ३६ टक्के जणांनी पीएचडीमुळे आलेल्या चिंता किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचं सांगितलं होतं.

या आठवड्यात उरकता येईल असं एक काम राहिलं. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा सोळा आकडी ओळख क्रमांक काढला नसेल तर काढा. तो फुकट आहे, आणि लग्नानंतर नाव बदललं, संस्था बदलली, किंवा तुमच्याच नावाचा दुसरा संशोधक निघाला तरी तुमचे पेपर तुमच्याच खात्यावर राहतात. तो काढताना आणि झोटेरोला, क्लाउडला, जर्नलांच्या पोर्टलना खाती उघडताना विद्यापीठाच्या ई-मेलबरोबर स्वतःचा खासगी ई-मेलही नोंदवा. डिग्री हातात आली की विद्यापीठाचा ई-मेल केव्हा ना केव्हा बंद होतो, आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच पत्त्यावर जात असते.